खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत महाशिंपला कसा जगवावा

कोल्हापूरच्या मासळी बाजारात कोकणातून आलेल्या जिवंत तिसऱ्या हंगामात सहज मिळतात, आणि खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडलेल्या माणसाला त्यांतल्या चार-सहा आपल्या वाळूत सोडून पाहाव्यात असा मोह होतोच. मलाही झाला होता. पहिले दोन आठवडे त्या वाळूत रुतून बसल्या, नळ्या वर काढून पाणी ओढू लागल्या आणि मी समाधानाने पाहत राहिलो. त्यानंतर मात्र एकामागून एक कवचे उघडी पडू लागली. अमोनिया शून्य होता, क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) योग्य होती, तापमानही ठीक होते. त्या उपासाने मेल्या होत्या. तिसरी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक खाते; खाडीचे गढूळ पाणी हे तिचे भरलेले ताट असते, तर आपण काचेसारखे स्वच्छ ठेवलेले टाकीतील पाणी तिच्या दृष्टीने रिकामे असते. म्हणून बाजारातील तिसऱ्या, मुळे किंवा कालवे घरच्या टाकीत ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

घरगुती टाकीत जगू शकतो तो ट्रायडॅक्ना कुळातील महाशिंपला. कवचाबाहेर पसरणाऱ्या त्याच्या रंगीत मांसल पडद्यात, म्हणजे प्रावारात, सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेली साखर शिंपल्याला पुरवते. त्याची शेती त्याच्या अंगावरच पिकते. आपल्याला त्या शेतीला ऊन, खत आणि स्थिर पाणी द्यावे लागते. यांतले एखादे कमी पडले तरी महाशिंपला लगेच मरत नाही, तो साठवणीवर तीन-चार महिने काढतो आणि मग अचानक गेल्यासारखा वाटतो. त्यामुळे पुढील प्रत्येक पायरीवर मोजमापाचा आग्रह धरला आहे.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सर्वांत आधी वाचावा. आपल्या देशात ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस या तीन जातींना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या समुद्रातून काढलेला असा शिंपला विकत घेणे हा गुन्हा आहे, मग विक्रेता त्याला कोणत्याही नावाने विको. याशिवाय महाशिंपल्यांचे संपूर्ण कूळ सिटीस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हा करार आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणला, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

व्यवहारात याचा अर्थ असा की पलाऊ किंवा मार्शल बेटांसारख्या ठिकाणी शेतीत वाढवलेला, निर्यात परवाना व आयातीची कागदपत्रे असलेला, पक्के बिल मिळणारा शिंपलाच विचारात घ्यावा. नवशिक्यासाठी त्यांतही ट्रायडॅक्ना डेरासा ही जात सर्वांत सहनशील आहे. विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तेथून निघावे. खडकांबाबतही हेच आहे: दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत असल्याने समुद्रातून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ न घेता कृत्रिम सिरॅमिकचा किंवा नीट मुरवलेला सिमेंटचा खडक वापरावा. पन्हाळ्याकडचा जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून काहींना तो वापरावासा वाटतो, परंतु त्यात लोह भरपूर असते आणि तो पाण्यात झिजतो. तो बागेतच शोभतो.

टाकी मुरू द्यावी

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी नऊ घनफुटांची, म्हणजे सुमारे २५५ लिटरची होते; खडक-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी २१० लिटरच्या आसपास उरते. यापेक्षा लहान टाकीत क्षारता व तापमान इतके झपाट्याने हलते की शिंपल्याची दमछाक होते. टाकी सुरू केल्यापासून किमान सहा महिने, शक्य तर वर्षभर, तिच्यात केवळ दोन-चार शांत मासे आणि गोगलगायी ठेवाव्यात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येणे ही फक्त सुरुवात असते. तपकिरी थर, मग हिरवे केसाळ शेवाळ, मग खडकावरचा जांभळा चुनखडी थर हा क्रम पूर्ण होऊन टाकी शांत झाली, की ती शिंपल्यासाठी तयार झाली असे मानावे.

सोबतच्या माशांची निवड याच काळात पक्की करावी. एंजल, बटरफ्लाय, ट्रिगर आणि पफर हे मासे प्रावाराला चोच मारतात. क्लाउनफिश, गोबी व क्रोमिस चालतात. क्लाउनफिश कधीकधी शिंपल्यालाच आपले घर समजून त्यावर लोळतो. शिंपला दिवसभर आक्रसलेला राहिला तर त्या जोडीची सोय दुसरीकडे करावी.

पाणी

नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते आणि बोअरचे पाणी आपल्या काळ्या कातळातून येताना बरेच क्षार घेऊन येते. दोन्ही थेट वापरता येत नाहीत. आरओ पाणी घ्यावे, पण स्वयंपाकघरातील पिण्याच्या यंत्राचे नव्हे. त्या यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते, आणि हल्ली तर कित्येकांत आरोग्यासाठी म्हणून तांब्याची कांडी बसवलेली असते. माणसाला पाचणारे ते तांबे शिंपला, कोळंबी आणि गोगलगाय या सर्वांना विष आहे. आरओनंतर, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे भांडे जोडून, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत पाणी शुद्ध करावे.

तांब्याचा मुद्दा मी जरा ताणून धरतो, कारण तो आमच्या घरी घडला आहे. मी परगावी असताना टाकीतील पाणी उतरलेले पाहून आईने मोठ्या मायेने तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी वर ओतले. चार दिवस तिने तेच केले. परतलो तेव्हा निम्म्या गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. तेव्हापासून टाकीशेजारी झाकणाचा पांढरा प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त यातलेच’ असे लिहिलेले आहे. हंडा, घागर, पितळी पातेले आणि माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे यांतील काहीही या पाण्याला लागू देऊ नये. तसेच तेलाचे, तिखटाचे किंवा साबणाचे हात टाकीत घालू नयेत, आणि डास मारण्याची फवारणी त्या खोलीत करू नये.

समुद्री मिठाचे तयार मिश्रण लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते. डब्यावरील प्रमाण पाहून, पंप लावून रात्रभर ढवळावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आणावे. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर न जुळवता ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ पाण्याने घालावी. पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलणे पुरेसे होते. रत्नागिरी आंबा घाटातून जवळ आहे म्हणून कॅनने समुद्राचे पाणी आणण्याची कल्पना अनेकांना सुचते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने किनाऱ्याचे पाणी नदीनाल्यांनी पातळ व गढूळ झालेले असते, आणि उरलेल्या काळातही ते कोणत्या जागेवरून उचलले यावर सगळे अवलंबून असते. मी त्या वाटेला जात नाही.

प्रकाश

शिंपल्याचे अन्न प्रकाशातून येत असल्याने दिव्यावरचा खर्च टाळून चालत नाही. डेरासा व स्क्वॅमोसा या जातींना पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश) मोजणाऱ्या मीटरवर १५० ते २५० एवढा प्रकाश पुरतो, मॅक्झिमा व क्रोसिया यांना २५० ते ४०० किंवा त्याहून अधिक लागतो. यावरूनही घरच्या टाकीसाठी डेरासा का बरा हे कळेल. मीटर महाग आहे, पण एकदाच उसना आणून शिंपल्याच्या नेमक्या जागेवर मोजणी करून घ्यावी. मोबाइलवरील ॲप निळा प्रकाश नीट मोजत नाहीत. दिवा रोज नऊ-दहा तास, टायमरवर, नेहमी त्याच वेळी चालावा आणि प्रकाश वरून पडावा, कारण प्रावाराचे तोंड वर असते. खिडकीतील उन्हावर भिस्त ठेवू नये. त्याने पाणी तापते आणि काच हिरवी होते.

प्रकाश कमी पडल्यास शिंपला प्रावार नेहमीपेक्षा जास्त ताणून कवचाबाहेर लोंबता ठेवतो. हे दृश्य सुंदर दिसते आणि नेमके तेच फसवते. प्रकाश एकदम जास्त झाल्यास तो आक्रसतो व मधला भाग फिकट पडू लागतो.

निवड आणि प्रवास

सात ते दहा सेंटिमीटरचा शिंपला घ्यावा. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपल्याला प्रकाशाबरोबर प्लवकही वारंवार द्यावे लागते आणि नवख्या हातांत तो बहुधा टिकत नाही. दुकानात त्यावर हाताची सावली टाकून पाहावी. निरोगी शिंपला तत्काळ प्रावार आत खेचतो. प्रावार कवचाच्या कडेबाहेर सारखा पसरलेला असावा, कडा चिमटल्यासारख्या दुमडलेल्या नसाव्यात, पाणी आत ओढणारे मोठे तोंड आ वासून उघडे राहिलेले नसावे आणि कवचाच्या काठावर नव्या वाढीची पांढरी रेघ दिसावी. शेवटी तळ पाहावा. तळाच्या फटीतून त्याचा पाय व चिकट धागे निघतात. तेथे जखम असेल तर तो शिंपला फुकट मिळाला तरी घेऊ नये. विक्रेता त्याला खडकावरून ओढून काढत असेल तर थांबवावे, कारण ओढल्याने धाग्यांची ग्रंथीच फाटते आणि ती जखम बहुधा जीव घेते. धागे खडकालगत ब्लेडने कापावेत किंवा दगडासकट शिंपला घ्यावा.

कोल्हापुरात असा माल सहसा मुंबई, पुणे किंवा बंगळुरूहून येतो. पुण्याहून रस्त्याने चार-पाच तास लागतात, तेवढे थर्मोकोलच्या पेटीत सहज निभते. मात्र एप्रिल-मेमध्ये ट्रॅव्हल्सच्या सामानाच्या कप्प्यात पेटी देऊ नये, कारण तो कप्पा भट्टीसारखा तापतो. मी स्वतः जाऊन, रात्रीच्या गाडीने, पेटी मांडीवर घेऊन आणणे पसंत करतो.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करावा. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, नंतर शिंपला पिशवीतील पाण्यासह स्वच्छ डब्यात काढून बारीक नळीने टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब सोडावे. याच वेळी मऊ दातघासणीने कवच पुसावे आणि कवचाच्या पट्ट्यांमधील फटी व तळ भिंगाने तपासावेत. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्यास त्या पिरामिडेलिड होत. त्या शिंपल्याचे रस शोषतात आणि रात्री बाहेर येतात. त्यांची अंडी पारदर्शक चिकट ठिपक्यांत असतात, म्हणून एकदा पुसून भागत नाही. वेगळ्या टाकीत चार-सहा आठवडे ठेवून दर दोन-तीन दिवसांनी रात्री टॉर्चने पाहणी करावी.

जागा

डेरासा वाळूवर बसतो. त्याच्याखाली वाळूत एक चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा पुरून ठेवावा. शिंपला धागे त्या दगडाला चिकटवतो, आणि पुढे हलवायची वेळ आली तर दगडासह उचलता येतो. पहिले दोन-तीन आठवडे दिव्याची तीव्रता निम्म्यावर ठेवून हळूहळू वाढवावी. पाण्याचा झोत थेट अंगावर पडू नये. प्रावाराच्या कडा मंद हलत राहतील एवढाच प्रवाह पुरे. शेजारी ॲप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल उगवले असेल तर ते आधी नष्ट करावे, कारण त्याच्या डंखाने प्रावार त्या बाजूला कायम आक्रसलेला राहतो. एकदा बसवल्यावर महिनाभर त्याला हात लावू नये. रोज थोडे इकडे-तिकडे सरकवण्याचा छंद शिंपल्याला महागात पडतो.

क्षारकता आणि चुना

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. वाढणारा शिंपला पाण्यातून चुना सतत उचलतो, आणि टाकी सांभाळण्याचे खरे रोजचे काम हेच आहे. क्षारकता, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा (डीकेएच हे तिचे एकक), ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि पीएच ८.१ ते ८.४ यांच्या दरम्यान ठेवावे. नेमका आकडा कोणता यापेक्षा तो आठवडाभर हलला नाही, हे महत्त्वाचे. क्षारकता ७.५ वर स्थिर असलेल्या टाकीतला शिंपला ७ ते १० मध्ये हेलकावणाऱ्या टाकीतल्या शिंपल्यापेक्षा बरा दिसतो.

खर्च झालेली क्षारकता भरून काढायला किती खाण्याचा सोडा घालावा हे असे काढावे. तीन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी क्षारकता मोजावी. समजा ती रोज ०.३ ने उतरते आहे. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा सुमारे ३ ग्रॅम लागतो. म्हणून २१० लिटरला ०.३ साठी सुमारे १.९ ग्रॅम होतो. सोडा शुद्ध सोडियम बायकार्बोनेट असावा; बेकिंग पावडर निराळी, ती चालत नाही. कवच बनताना १ डीकेएच खर्च झाला की कॅल्शियमही सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटर कमी होते, आणि ते भरून काढायला कॅल्शियम क्लोराइड लागते: १०० लिटरमध्ये १० मिलिग्रॅम वाढवण्यासाठी डायहायड्रेट स्वरूपातील सुमारे ३.७ ग्रॅम. दोन्ही द्रावणे स्वतंत्र बनवावीत आणि अर्ध्या तासाच्या अंतराने, जोरदार प्रवाहात घालावीत. एकत्र ओतल्यास पाण्यातच चुना साकळून सारे वाया जाते. वजनासाठी स्वयंपाकघरातील काटा चालत नाही. हुपरीच्या चांदी कारागिरांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा आता स्वस्तात मिळतो, तो घ्यावा.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. जगभरचे हौशी लोक तिला ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने ओळखतात, आपल्याकडे चुन्याची निवळी हा शब्द घराघरात आहे. एक लिटर आरओ पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुमारे दीड ग्रॅम ढवळून झाकून ठेवावे आणि वरची स्वच्छ निवळी तेवढी घ्यावी. बाष्पीभवनाची भर हिनेच, रात्री थेंबथेंब घालावी. रात्री पीएच आपोआप उतरतो आणि निवळीने तो सावरतो. तिचा पीएच १२ च्या वर असल्याने एकदम ओतल्यास टाकी एका तासात मरू शकते. पानाच्या डबीतला चुना यासाठी वापरू नये, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते.

खताबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. नायट्रेट शून्यावर आणण्याच्या नादात अनेक जण प्रावारातील शैवालाला उपाशी ठेवतात. शिंपला पाण्यातील अमोनिया व नायट्रेट स्वतः शोषतो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर असू द्यावे. माशांना नियमित खाऊ घातले तर मोठ्या शिंपल्याला वेगळे खाद्य बहुधा लागत नाही. टाकीत अन्नाचे डबे ओतण्यापेक्षा दिवा आणि नायट्रेट तपासणे नेहमी स्वस्त पडते.

ऊन, थंडी आणि पूर

तापमान २५ ते २७ अंश हवे. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतली टाकी ३० च्या वर जाते. हवा कोरडी असते तोवर पाण्यावर तिरका पंखा लावल्यास दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवनाची भर मात्र तेवढीच वाढते. जूनपासून हवा दमट झाली की पंखा फारसे काही करत नाही, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. ज्यांची टाकी गच्चीखालच्या खोलीत आहे त्यांनी चिलर घ्यावा किंवा टाकी खालच्या मजल्यावर हलवावी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर लागतोच, आणि तो स्वतंत्र थर्मोस्टॅटवर असावा; अडकलेल्या हीटरने टाकी शिजल्याची उदाहरणे प्रत्येक हौशी गटात असतात.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. इन्व्हर्टरवर दिवा नव्हे तर प्रवाहाचा पंप टाकावा: प्रकाशाशिवाय शिंपला दोन-तीन दिवस सहज काढतो, ऑक्सिजनशिवाय टाकी एका रात्रीत जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कपाटात असू द्यावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला आणि घराघरांत पाण्याचे हाल झाले. अशा वेळी टाकीसाठी आरओ चालवण्याचा प्रश्नच येत नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी बातम्यांत दिसू लागली की मी साठ लिटर आरओ पाणी आणि एक मोठा पाणीबदल होईल एवढे मीठ भरून ठेवतो.

बिघाड ओळखणे

दररोज सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने शिंपल्याकडे दोन मिनिटे पाहावे. तोंड आ वासलेले, प्रावार आत ओढलेला आणि सावलीला प्रतिसाद मंद, ही तीन चिन्हे एकत्र दिसली तर त्याच दिवशी क्षारता, तापमान, क्षारकता व अमोनिया मोजावेत, कोणता मासा चोच मारतो आहे का ते पाहावे, आणि रात्री तळाशी गोगलगायी शोधाव्यात. प्रावाराची कडा चिमटल्यासारखी दुमडत असेल तर काही अनुभवी लोक तापमान व पीएच जुळवलेल्या गोड्या आरओ पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडी देतात. हा शेवटचा उपाय समजावा. अशक्त शिंपला त्यातच जाऊ शकतो. एखाद्या दिवशी शिंपला आचके देत दुधासारखा पांढरा ढग सोडू लागला तर तो आजारी नसून प्रजनन करत असतो. तरीही ऑक्सिजन झपाट्याने घटतो, म्हणून स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) व हवेचा पंप जोरात चालू करावा, पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन टाकावा आणि पाणी बदलावे.

स्पर्श करूनही कवच मिटत नसेल आणि प्रावार कवचापासून सुटत असेल तर शिंपला मेला आहे. तो ताबडतोब बाहेर काढावा, कारण उष्ण पाण्यात त्याचे मांस काही तासांत सडून सोबतच्या माशांना नेते. त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदलावे, कार्बन नवा घालावा आणि पुढचे तीन दिवस अमोनिया मोजत राहावा. मृत्यूचीही नोंद परिवेशवर करावी लागते. कवच शोभेसाठी ठेवायचे असेल तर बिल व परवान्याची प्रत त्याच्यासोबत जपून ठेवावी आणि ते कोणाला भेट देऊ नये.